फाशी ती असते

मी मूळचा सांगलीचा, कॉम्प्युटरच्या नोकरीवर इकडे इंग्लंडला आलो आणि वॉटफर्डचाच झालो. वडील गेल्यावर आईलाही इकडेच आणलं, आणि आमच्या घरात मोठं कौतुक कशाचं असेल तर माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, की ती तरुणपणी विधवा झाली आणि सगळं सोडून काशीला गेली आणि तिथंच देह ठेवला. बायका आईला म्हणायच्या, भाग्याची गं तू, काशीला गेलेल्या बाईच्या पोटची. मी इथल्या मित्रांनाही सांगायचो. काय सांगू तुम्हाला, छाती फुगवून सांगायचो.

तर आमची मिहिका, माझी मुलगी. जन्म इथला, केंब्रिजला इतिहासाचं संशोधन करते, या देशात ज्या बायकांना फासावर चढवलं त्यांच्यावर. आमची ही म्हणते, जेवताना नको गं बाई ते. पण मिहिका तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, सगळं सांगते, आपल्या मोडक्या मराठीत. एका रविवारी सगळे जेवत होतो आणि ती एका बाईचं सांगत होती, नवरा रोज मारायचा, एक दिवस हिनं उलट मारलं आणि तो मेला, शेजारी भिंतीतून वर्षानुवर्षं ऐकत होते पण कोर्टात एकही बोलला नाही. मग आजी, त्या बाईला फाशी दिला.

दिला नाही, दिली, मी म्हणालो, फाशी ती असते. मला सवयच आहे, तिची प्रत्येक चूक काढतो, मराठी टिकावी म्हणून.

आणि आई भात कालवता कालवता म्हणाली, माझ्या आईलापण दिली.

मला वाटलं, वय झालं, गोंधळ होतोय. काशी, आई, काशीला गेली ती, मी म्हणालो. म्हणजे बघा, तिचीही चूकच काढली मी. आई म्हणाली, काशी म्हणायचं मामानं शिकवलं मला. मी पुन्हा तोंड उघडलं तशी मिहिका म्हणाली, बाबा प्लीज, लेट हर स्पीक.

मग आईनं सांगितलं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, आजीला मारायचे. एका दुपारी आजीनं त्यांच्या डोक्यात वरवंटा घातला. तेव्हा इंग्रजांचं राज्य, कायदा त्यांचा. मामा आजीचा सख्खा भाऊ, त्यानं तुरुंगात तिला शब्द दिला होता की माराचं सगळं सांगतो, आणि घरी येऊन माझ्या आईला, एवढ्याशा पोरीला, पढवलं की बाबा मारायचे म्हणून बोलायचं नाही, घराण्याची अब्रू जाते. कोर्टात साहेबानं विचारलं, बाबा आईला मारायचे का? आई म्हणाली, नाही. आजी समोरच उभी होती.

मला रडू आलं नाही, खोटं का बोलू, राग आला. आईला मी मुद्दाम काशीला नेलं होतं हो, आजीचे विधी करायला, आणि ही हॉटेलात बसून राहिली, गुडघे दुखतात म्हणाली, मी तिला नाही नाही ते बोललो आणि घाटावर एकटाच गेलो. म्हटलं, आई, तिथं तरी सांगायचंस, मला मूर्ख बनवलंस तू. तर म्हणते, एवढी काशी काशी करतोस, एकदा तरी विचारलंस का, ती तिथं कुठं राहायची, काय खायची?

नव्हतं विचारलं. मला ती गोष्ट तेवढीच हवी होती.

आता मिहिका दर रविवारी येते, दोघी दार लावून बसतात. माझी आजी दिसायला कशी होती, काय गुणगुणायची, सगळं तिला कळलंय. मी चहा घेऊन आत गेलो की आई गप्प. जिच्यासाठी एवढं केलं तिचा आपल्यावर भरवसा नाही, हे फार लागतं. मिहिकाला विचारलं तर म्हणते, सॉरी बाबा, आजी टोल्ड मी, तिलाच विचारा.

विचारलं परवा. म्हटलं, आई, मला कधी सांगशील? माझ्याकडे बघून म्हणाली, तू ऐकायला शीक, मग बघू. नव्वदीला आलेलं माणूस, आणि बघू म्हणतं! पोरीचं भलं होवो. तिच्यापाशी तरी आई मोकळी होतेय.