हेमंतच्या नावाचं बक्षीस

मुरबाड स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर एक म्हातारी आणि फुटबॉल मंडळाचा एक तरुण बसले होते.

“गोजाकाकी, वर्षाच्या बेस्ट प्लेअरचं बक्षीस यंदाही तुमच्याच हातून द्यायचंय.”

“मॅच संपल्यावर लगेच ना, मैदानातच?”

“नाय, यंदा दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये. पाहुणे येणार हायत.”

“मग दुसऱ्या कुणाला बोलव रे.”

“असं काय करता काकी? तुमच्या हेमंतच्या नावाचं बक्षीस हाय. तो गेल्यापासून तुमीच देता.”

“बक्षीस घेताना पोरगा पाया पडतो. मी डोक्यावर हात ठेवते. केस घामानं भिजलेले असतात. हेमंत खेळून घरी यायचा ना, तसेच.”

“मग हॉलमध्येही पाया पडतीलच की.”

“पडतील रे. पण आंघोळ करून येतील.”