कबनूरच्या मशीनला माणसं वळखंनात

निशिगंधानं पंधरा दिवस खपून हजेरीच्या मशीनला नवी अक्कल शिकवली होती. ऊन असो, अंधार असो, माणूस हसो नाहीतर रडो, चेहरा ओळखलाच पाहिजे. आज मशीन चाललं नाही, तर कबनूरच्या यंत्रमाग कारखान्याचा मालक ते परत पाठवणार होता. पण ती निर्धास्त होती. एसटीत तिच्या पुढच्या सीटवर त्याच कारखान्यातले दोघं गप्पा हाणत होते.

"बाळासो, दसऱ्यापासनं ते मशीन कुणालाच वळखंना झालंय."

"मी ट्यूबखाली हुबा ऱ्हायलो, दारातल्या उन्हात हुबा ऱ्हायलो. दात काढलं, गाल फुगवलं. न्हाईच!"

"मला तर आपल्यातला सम्राट म्हणालं."

"सम्राटला मिशा हायत की!"

"आज इंजिनेर बाई येणार हाय म्हणं. लई हुशार हाय."

"असू दे की हुशार. पर अक्काताईंनी खंडेनवमीला मागांसंगं त्याचीबी पूजा केली, आन् कुंकवाचं वलं बोट नेमकं त्या काचेच्या डोळ्यावर वडलं."

"मग पुसायचं की!"

"मालकाच्या आईनं लावलेलं कुंकू? जा, पूस तू."

"छ्या! नोकरी करायची हाय मला."

निशिगंधानं लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

"पावणं, स्वच्छ रुमाल हाय का?"

"हाय की ताई. घ्या. उतरणार कुठं?"

"तुमच्याच कारखान्यात."

"मेलो! बाळासो, ध्यानात ठेव, रुमाल तुझा हाय!"