हरणाबाईची काटेरी पिल्लं

...आन् वरनं लोक हसत्यात हो! तुमास्नी सांगतो, आमच्या शेजारच्या हरणाबाईला अख्खी आळी हसली, का तर म्हणं बाई उंदरासाठी रडती... आवं, उंदीर कुठलं, काट्याची पिल्लं ती! सायाळावानी दिसत्यात, पर सायाळ केवढं थोरलं, ही मुठीएवढीबी न्हवती. परड्यात शेवग्याखालचा पाचोळा उचलाय गेली, तर खाली चौघं, डोळं मिटल्यालं, अंगावर पांढरं काटं. त्यांची आय सकाळीच लोणंदच्या रस्त्याला टेम्पोखाली गेल्याली, हरणाबाईच्या मालकानं, नानासोनं, डोळ्यानं बगितल्याली. झालं! बाईनं पदरात घेतली, तर काटं लुगड्यातनं मांडीला टोचाय लागलं. आता सगळीकडनं काटं... माया करायची तरी कुठनं?

पर ही बाई जल्मभर मेंढरांमागं हिंडल्याली! आयबिगर राहिल्यालं कोकरू मांडीवर घिऊन जगवणारी. नानासोचं गुडघं गेलं, तवा गेल्या साली कळप इकला, वाडगं मोकळं झालं, तवापास्नं दिवस कलला की ही उगंच वाडग्याकडं बगत बसायची. तिच्या हातात ही चार पडली, सोडतीय व्हय?

आळीतला अर्जुना आला, त्याचं वायलंच. जाळून राख करा म्हणला, खोकल्याला लय गुणाची! बाईनं नुसतं बगितलं, गडी चप्पल इसरून घरला गेला. सून पल्लवी फोनमदी वाचून सांगती, आत्ती, ऊब द्या, गाईचं दूध बादतंय. ढोरांचा डॉक्टर आला, पिल्लू हातात घेतलं, म्हणतो कसा, मी सुई टोचायची कुठं, ह्येनंच मला टोचलं की! खरंच हो, माया करायची तरी कुठनं?

मग शेळीचं दूध, कापसाची वात, चुलीम्होरं पाटीत चिंध्यांचं आथरूण. थेंब-थेंब पाजायची, मदीच डुलकी लागली की दचकून उठायची. तरीबी एक गेलं. मग दुसरं. मग तिसरं...

आन् ऐका, जित्तेपणी हात लावला की चेंडू व्हायचं, पर मेल्यावर पिल्लू आपसूक उलगडलं. खाली पोट, मऊ, कोकराच्या कानावानी. तवा कुठं हरणाबाईनं पयल्यांदा कुरवाळलं. लय येळ कुरवाळत बसली. नानासो खड्डा काढून उभा, पर दे म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

चौथं मातूर जगलं! डोळं उघडलं, किडं मटकावाय लागलं, पाटीतनं भाईर पडाय लागलं. पल्लवी म्हणली, आत्ती, रानातलं हाय, रानात गेलं पायजे. हरणाबाईनं दोन दिस पिल्लाला नजरेआड केलं न्हाई. मग आपणच पाटी उचलली, दिवस बुडताना माळाच्या कडंला गेली, नानासो काठी टेकत मागनं.

पाटी आडवी केली. पिल्लानं नाक वर करून वास घेतला, आन् तुरूतुरू गवतात... गेलं की!

नानासो म्हणला, "पोरगी सासरी जाताना वळून तरी बगती गं."

हरणाबाईनं पाटी झाडली, काखेला मारली.

"बरं झालं वळलं न्हाई," ती म्हणली. "म्या जाऊच दिलं नसतं."