एकही खाडाखोड नाही

—नाही, 'दुष्काळतज्ज्ञ' नको लिहूस, नूपुर. तज्ज्ञ म्हणजे मोठी माणसं, ती जीपमधून उतरतात, बांधावर उभी राहून फोटो काढतात आणि जेवायला रेस्ट हाउसवर जातात. मी आपला पाऊस मोजणारा माणूस. तू असं लिही — 'श्री. श्यामकांत यांनी छत्तीस वर्षं पावसाची नोंद ठेवली, एकही दिवस चुकवला नाही, आणि त्यांच्या वहीत एकही खाडाखोड नाही.' लिहिलंस? खाडाखोड म्हणजे काय, ते कळलं ना? लिहिलेलं रेघ मारून परत लिहायचं, ते. तुम्ही इथे जन्मलेली मुलं, घरात आजीशी बोलता तेवढंच मराठी, म्हणून विचारलं. तर ते वाक्य मानपत्रात वरच घ्यायला सांग आपल्या मराठी मंडळाच्या लोकांना. खाली गेलं की शाल-श्रीफळाच्या गडबडीत कुणी ऐकत नाही. मागच्या वर्षी त्या बँकेतल्या साहेबांचं मानपत्र वाचत होते तेव्हा अर्धं सभागृह बटाटेवड्यांच्या रांगेत होतं, मीसुद्धा.

खिडकी? असू दे उघडी. येतंय, मला दिसतंय, तिकडे गंगेच्या बाजूला आभाळ काळं झालंय — कालबैशाखी आहे, वैशाखातलं संध्याकाळचं वादळ, अजून दहा मिनिटं आहेत. तुझी शकुनकाकू घरी असती तर एव्हाना सगळी तावदानं बंद झाली असती, तिला धूळ चालत नाही. मला चालते. कोलकात्याचं वादळ कसं, आधी धूळ उडवतं आणि लगेच पाऊस देतं, त्याचं वागणं सरळ आहे. आपला सगळा बागबाजार गच्चीवर येतो भिजायला. पहिल्या वर्षी मी वाट बघत बसलो होतो की धूळ तर आली, आता पुढे काय वाईट होणार — आणि पाऊस आला. मला कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं, खरंच सांगतो.

आमच्याकडे माणदेशात धूळ एकटी यायची. ज्येष्ठ-आषाढात वारं सुटतं, ढग डोक्यावरून पळत पुढे जातात, ते दुसऱ्या कुणाचे असतात, आमच्याकडे थांबायचं काही कारण नसतं त्यांना. आणि नांगरलेलं रान, माती मोकळी — वारं ती उचलून नेतं. बाजरी पेरली, बोटभर उगवली की मातीखाली जायची. उकरून बघायला गेलं तर वरची चांगली माती उडून खालचा मुरूम उघडा पडलेला. माझी वहिनी तव्यावर भाकरी टाकून वर परात पालथी घालायची, तरी दाताखाली कचकच लागायचीच. आम्ही हसायचो. दादा म्हणायचा, शेत घरी आलंय जेवायला. दादा म्हणजे मधुकर, माझा थोरला भाऊ, शेती तोच करायचा, मला त्यानंच शिकवलं. हे लिहू नकोस. सत्कार माझा आहे.

प्रसंग? हो, एक हृद्य प्रसंग लागतोच मानपत्रात, ठाऊक आहे मला. आहे ना, चांगला आहे, कर्तव्यदक्षतेचा आहे. लिही. नोकरीचं चौथं वर्ष. महसुली सर्कलच्या मुख्य गावी, म्हणजे आमच्या वाडीपासून दीड कोसावर, सरकारी आवारात पर्जन्यमापक होतं. वर नरसाळं, खाली बाटली, आणि मोजायला काचेचा ग्लास. रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, ग्लासात ओतायची, जो आकडा दिसेल तो वहीत. दिसेल तोच, ना कमी ना जास्त. आजूबाजूच्या बारा वाड्यांचा पाऊस म्हणजे माझी ती बाटली. वाडीत काय पडलं, काय नाही, ते वाडीनं सांगायचं नाही, बाटलीनं सांगायचं. पद्धतच होती. मला वाईट नाही वाटली कधी, चांगलीच वाटायची — तेवीस वर्षांचं वय आणि बारा वाड्यांच्या आभाळाचा मालक.

त्या आषाढात एकोणीस दिवस शून्य लिहिलं. नियम असा होता की सलग एकवीस दिवस कोरडे गेले की सर्कल दुष्काळी धरायचं, मग टँकर यायचा, गुरांना छावणी उघडायची. अठ्ठावीस घरं होती वाडीत, सगळी बोटं मोजत होती. दादा रोज संध्याकाळी सायकलवर यायचा, विचारायचा काही नाही, नुसता माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, शून्य. तो खूश होऊन परत जायचा. पाऊस नाही म्हणून खूश झालेला शेतकरी तू बघितला नसशील.

विसाव्या दिवसाच्या आधी रात्रभर वारं होतं. सकाळी बघतो तर नरसाळं मातीनं गच्च बुजलेलं. आता यंत्र स्वच्छ ठेवणं हे माझं काम. मी तांब्याभर पाणी आणलं — प्यायचं पाणी होतं ते, तेवढं सोडलं मी कर्तव्यासाठी — आणि नरसाळं धुतलं. स्वच्छ, चकचकीत. मग साडेआठ वाजले. बाटली काढली, गढूळ पाणी ग्लासात ओतलं. चार मिलिमीटर.

हसतेस? बरोबर आहे, हसण्यासारखंच आहे. बाटली आधी काढून ठेवायची असते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण हाताला सवय कशी असते बघ — ग्लास उजेडात धरला, आकडा वाचला, वहीत लिहिला, सही केली. आणि मग कळलं. म्हणजे मी खोटं नाही लिहिलं. ग्लासात चार होते, मी चार लिहिले. आणि वही अशी देखणी होती, नूपुर, चार वर्षांची, एक डाग नाही. साहेब इतरांना दाखवायला न्यायचे ती. त्यात मधोमध रेघ मारायची? म्हटलं, उद्या साहेबांना तोंडी सांगू. उद्या साहेब दौऱ्यावर. परवा आकडा तारेनं पुढे गेला होता.

हे नको लिहूस. 'यंत्राची निगा राखण्यासाठी स्वतःच्या वाट्याचं पाणी खर्ची घातलं' — एवढंच लिही. ते खरंच आहे.

मग काय, मोजणी परत एकपासून. छावणी दुसऱ्या सर्कलला गेली. आमच्या वाडीनं गुरं बाजारात नेली, दादाची खिलारी जोडी गेली, आणि दिवाळीला अठ्ठावीसांतल्या नऊ घरांत चूल पेटत होती. दादा पनवेलकडे वॉचमन म्हणून गेला. आणि मला त्या वहीवरून इकडे कोलकात्याला केंद्राच्या हवामान ऑफिसात घेतलं. शकुनला वाटतं मी हुशार होतो म्हणून. मराठ्यांना अडवायला इथे कधीकाळी खंदक खणला होता म्हणतात. मला मात्र कुणी अडवलं नाही. उलट वर्षभर पाऊस दिला मोजायला.

काय म्हणालीस? तू फोन केलास? कुणाला — दादाला? नंबर कुठून… हां, मीच दिला होता मंडळाच्या फॉर्मवर, नातेवाईक म्हणून. परत गावी राहतो तो आता, हो, अठ्ठ्याहत्तरचा आहे. मानपत्रासाठी दोन शब्द विचारलेस. बरं. वाच.

परत वाच.

'त्या साली गाव म्हणायचं आकडा खोटा आहे. मी भांडलो सगळ्यांशी. श्यामनं लिहिलाय म्हणजे पडलाच असणार. माझ्याच रानावर नव्हता पडला. दीड कोसावर पडतो आणि आपल्यावर नाही, मग हे रान आपल्याला नको म्हणतंय, असं समजून मी सोडलं.'

असं म्हणाला? आवाज कसा होता त्याचा? हसत म्हणाला?

मला कधी बोलला नाही. मला वाटायचं, तो रागावलाय म्हणून गेला.

लाव ती खिडकी आता. धूळ येतेय.

ते पहिलं वाक्य खोड. एकही खाडाखोड नाही, ते. — खोड म्हटलं ना. नाही, असं गिरगटायचं नाही, आण इकडे पेन. एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि खाली सही. तसा नियम होता. पहिल्या दिवसापासून होता, पाठ होता मला.

झाली सही. जा तू आता, पाऊस लागायच्या आत ट्राम गाठ. आणि मंडळात सांग, शाल नको म्हणावं.