मनोऱ्यावरची रेघ

बांधकाम परवान्याच्या खिडकीसमोर भाजीवाली सकाळपासून आपला गाळा वाढवायचा अर्ज घेऊन बसली होती. तिच्या शेजारी चर्चचे फादर आणि म्हातारे सुतारकाका मांडीवर नकाशा पसरून हुज्जत घालत होते.

“काका, निधी देणाऱ्यांनी हात आखडता घेतलाय. मनोरा आणि बायकांचं स्वच्छतागृह, दोन्ही एकदम होणार नाहीत. एक खोडूनच नकाशा आत द्यायचा.”

“मग मनोरा खोडा.”

“अहो, तीस वर्षं ध्यास घेतलात त्याचा! लाकडाचा नमुनासुद्धा केलात.”

“केला ना. आता नात त्यात खडू ठेवते.”

“लोक विचारतील, चर्चच्या स्वच्छतागृहाला दार रस्त्याकडून कशाला?”

“बाजारातल्या बायांसाठी. जायला जागा नाही म्हणून दिवसभर घोटभर पाणी पीत नाहीत त्या. आमच्या हिनेही बावीस वर्षं तिथे तशीच काढली, फादर.”

“आणि घंटा कुठे टांगायची?”

“अंगणातल्या झाडाला. देवाला काय, खालूनही ऐकू येतं.”

काकांचा हात सवयीने कानामागच्या पेन्सिलीकडे गेला आणि थांबला.

“तुमचं पेन द्या. पेन्सिलीचं पुसता येतं.”

पट्टी धरून त्यांनी मनोऱ्यावर ठसठशीत रेघ मारली.

तेवढ्यात भाजीवालीचा नंबर पुकारला. तिने आपली चिठ्ठी काकांच्या हातात ठेवली.

“आधी तुम्ही जा, काका. फक्त एवढं सांगा, दाराला आतून कडी असेल ना?”