माशांचं खाणं

बसनं खानापूर सोडताना पाण्याच्या बरणीच्या तळाशी असलेली मोहरीएवढी गोगलगाय पिरनवाडी येईपर्यंत बरणीच्या मध्यावर पोचली होती. मनिषा मागच्या सीटवरून बघत होती. पुढच्या सीटवर एक जोडपं होतं; बरणी नवऱ्याच्या मांडीवर होती आणि शेजारी बसलेली बायको चिडलेली होती.

"रात्री माशांच्या टाकीत काकडीची फोड टाकलीसा, त्यावर किती गोगलगायी सापडल्या?"

"चाळीस. काकडी दिसंना झालती."

"आन् आज दुकानदाराला औषध विचारणार? त्यानं मागंच सांगितलंय, खाणं कमी करा, न्हायतर टाकीतली झाडंबी जातील न् मासेबी."

"मी एकदाच घालतो गं."

"तुम्ही एकदा. तुमच्या आई? दूधवाला आला, घाल चिमूट. पाव्हणं जेवलं, घाल चिमूट. संकष्टीला तर साबुदाणा!"

"मासे उपाशी दिसले की तिला घास उतरत न्हाय."

"मासे खाऊन सुस्तावलेत. उरलेलं गोगलगायी खात्यात न् वाढत्यात."

"सांगतो की."

"दिवाळीपास्नं सांगताय. रंगपंचमी आली!"

"...लावू फोन?"

"लावा."

"हॅलो, आई? व्हय, नाष्टा केलाय. मासे? त्येनी बी खाल्लंय. न्हाय, अजून चिमूटभर नको. आई, ऐक. आजपास्नं माशांना तू खायला घालायचं न्हाय."