उद्यापासून अकरा दिवस बंद

— छे छे, उठू नका ताई, बसा. दुकान दुपारपर्यंत उघडंच आहे. ते स्टूल भिंतीकडे सरकवा, एक पाय डगमगतो त्याचा. तर काय सांगत होतो मी — हां, सुट्ट्या. उद्यापासून अकरा दिवस कंपनीचं गोडाऊन बंद, कुरिअर बंद, आणि मीही बंद. महिनाभर येईल त्या गिऱ्हाइकाला कंठशोष करून सांगतोय, बाबांनो, काय लागेल ते आधी नेऊन ठेवा, एकेक तरी जादा ठेवा — पण लोकांना तहान लागल्यावर विहीर खणायची सवय! सकाळपासून सात जण येऊन गेले, तुम्ही आठव्या. रागवू नका, नवीन दिसता म्हणून सांगतो. सुट्टीत मशीन बंद ठेवणार ना, मग दर दोन दिवसांनी कुणीतरी जाऊन शाफ्ट हातानं फिरवायचा. का? शेजारचं काही चालू असलं की जमीन थरथरते, आणि बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी बसून कड्याला खळगे पाडतात. ग्रीसही बेतानं. कोंबलंत की तापलंच म्हणून समजा. आणि सुट्टीवर जाण्याआधी एकदा ऐकायचं — स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घराला, मूठ कानाला. चांगलं बेअरिंग नुसतं सूं करतं. खरखर आली की —

बघतोय हो. नमुना बघतोय. तुम्ही काउंटरवर ठेवलात तेव्हापासून तेच बघतोय. बाहेरचं कडं फुटलंय, गोळ्या गेल्यात, त्यांना धरणारा पिंजरा अर्धाच उरलाय. नंबर वाचायची गरज नाही, मला माहितीय. कागद गिरणी म्हणालात ना? वाळवणीचा मोठा पंखा. आणि आता त्याच्यावर तुम्ही फोरमन. हे तुम्हाला टेबलाच्या खणात मिळालं, आधीच्या फोरमनच्या. चिंधीत गुंडाळलेलं? ... म्हणजे फेकलं नाही त्यांनी. मला वाटलं होतं, तेव्हाच भंगारात गेलं असेल.

पाणी घेता? मी घेतो थोडं.

तो फोरमन म्हणजे माझे दाजी. सख्ख्या बहिणीचा नवरा. तुम्हाला काय सांगितलंय गिरणीत? ‘त्यानं बेअरिंग बसवताना हातोडा मारला, म्हणून फुटलं’ — असंच ना? सगळे असंच म्हणतात. कागदोपत्रीही असंच आहे, खाली दाजींची सही आहे. सव्वीस वर्षं बेअरिंगं बसवली त्या माणसानं, तेलात गरम करून, तान्ह्या पोराला टोपडं घालावं तशी अलगद. हातोडा! तो माणूस बेअरिंगजवळ हातोडा ठेवूसुद्धा द्यायचा नाही.

हो, नेलं होतं इथूनच. मी म्हणतोय का नाही? पण मला तरी कुठे माहीत होतं ते बनावट आहे — एक जण आला होता विकायला, डबा अगदी हुबेहूब, छापबीप सगळं — नाही, नव्हतंच माहीत. म्हणजे तेव्हा नव्हतं. म्हणजे शंका होती थोडी. शंका कुणाला येत नाही? ... असं बघू नका ताई. बरं. माहीत होतं. अंगठा घासला तर नंबर पुसट झाला. अस्सल मालावर तो कोरलेला असतो, जन्मात पुसला जात नाही. वडिलांनी गादीवर बसवलं त्या पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. जुनं बेअरिंग घासूनपुसून त्याच्यावर नवा नंबर छापलेला. मी ते मागच्या फळीवर ठेवलं होतं, परत करायला. देवाशपथ, परत करायलाच.

मग का दिलं? तेच तर. वर्षभर तेच विचारतोय स्वतःला. पैशासाठी म्हणाल तर नाही, दमडी घेतली नाही दाजींकडून त्या दिवशी. सुट्टीचा आदला दिवस, हाच. दाजी धावत आले — वह्यांच्या कागदाची मोठी ऑर्डर होती, पंखा सुट्टीतही चालवायचा होता. म्हणाले, ‘मेव्हणे, नसेल तर तसं सांगा, मी मालकाला थांबवतो.’ बघा! वाट करून दिली होती मला. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. पण बहीण लग्न झाल्यापासून त्यांना ऐकवत आलीय, ‘माझ्या भावाच्या दुकानात नाही असं काही नाही.’ त्या माणसासमोर ‘नाही’ म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, अकरा दिवस निघतील, सुट्टी संपली की गुपचूप बदलून देऊ. फुकटच्या बढाईपायी हो. दुसरं काही नाही.

तीन दिवस निघाले. चौथ्या दिवशी खरखर आली. दाजी ऐकायला वाकले, कड्याचे तुकडे झाले, शाफ्ट खाली बसला, पट्टा उडाला, आणि उजवा हात त्यात गेला. चार बोटं. अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्यात मी त्यांच्या पायाशी बसलो. तोंड उघडलं मी, खरंच उघडलं — तर म्हणाले, ‘तुमच्या बहिणीला भाऊ एकच आहे. मला बोटं अजून सहा आहेत.’ आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही, मला नाही आणि तिला तर नाहीच. नोकरी गेली. तिला वाटतं, यांच्याच हलगर्जीपणामुळे गेली. पंगतीत, चारचौघांत टोमणे मारते — ‘सव्वीस वर्षं काम केलं आणि हातोडा कुठे मारायचा ते कळेना!’ मी तिथेच बसलेलो असतो, समोर ताट. दाजी डाव्या हातानं घास उचलतात आणि म्हणतात, ‘अगं, मेव्हण्यांना भाजी वाढ.’ ताई, तो घास कसा गिळत असेन मी! उद्या पुन्हा बोलावणं आहे. सुट्टी आहे ना, सगळे जमणार. सकाळी फोन आला तिचा — ‘दादा, लवकर ये, तू आलास की घर भरल्यासारखं वाटतं.’ मला सांगा, कुठे जाऊ मी? जाऊ तरी कसा, आणि न जाऊ तरी कसा?

नाही, सहानुभूती नको. हे घ्या तुमचं नवीन बेअरिंग. अंगठा घासून बघा. बघा म्हणतो ना! जोरात! ... नाही ना पुसला नंबर? पटलं? आता मी लिहितो, तुम्ही नुसतं बघत राहा. दुकानाचाच कागद आहे, शिक्का आहे. ‘गेल्या वर्षी कागद गिरणीच्या फोरमनला मी बनावट बेअरिंग दिले. बनावट आहे हे मला माहीत होते. बसवण्यात त्यांची काहीही चूक नव्हती.’ अक्षर वेडंवाकडं आलंय, वाचता येतंय ना? ही सही. हा शिक्का. हे त्या फुटक्या तुकड्याबरोबर पिशवीत घाला आणि मालकाच्या हातात द्या.

बहिणीला मी सांगतो. आज संध्याकाळीच जाऊन — तिला आधी माझ्या तोंडून कळू दे. तुम्ही तेवढं उद्यापर्यंत थांबा, एकच दिवस — नाही. नाही ताई, थांबू नका. थांबलात तर मी रात्रीतून बदलेन, सकाळी तुमच्या दारात येऊन कागद परत मागेन, रडेन, पाया पडेन. ओळखतो मी मला. मालक आत्ता गिरणीतच असतील ना? मग जा. पावती राहू दे. उठा, जा म्हणतो ना, आधी जा!